सनद थांबवलेल्या

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या पालघर कोर्टातल्या वकिलांच्या बाररूमच्या सेक्रेटरींनी माझ्या टेबलावर एक जाडजूड रजिस्टर आणि कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा आणून ठेवला. वकिलांची पडताळणी करायची होती. कोण खरोखर वकिली करतंय, कोणी सोडली, कोण हयात नाही, हे सगळं शोधून नवी यादी तयार करायची.

"मॅडम, तुम्हीच करा हे. तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

बाररूममधली जी कामं कोणालाच नको असतात ती माझं अक्षर चांगलं असल्यामुळे माझ्याकडे येतात, हे मला इतक्या वर्षांत कळून चुकलंय. तरी मी हो म्हटलं, कारण त्या यादीची मला उत्सुकता होती. मी सनद घेतली तेव्हा कोर्टात आम्हा बायकांना नीट बाथरूमसुद्धा नव्हती. समोरच्या गल्लीत एका कारकुनाचं घर होतं, त्यांच्या बायकोला सांगून आम्ही तिथे जायचो. आता सकाळी कोर्टाकडे येणाऱ्या कोळगावच्या रस्त्यावर स्कूटीवरून काळ्या कोटातल्या मुली येताना दिसतात. महिला दिनाला कुठेही बोलावलं की मी हेच सांगायचे, चित्र बदललंय. टाळ्या पडायच्या. आता ते बदललेलं चित्र मी स्वतःच्या अक्षरात लिहिणार होते.

कोर्ट सुटल्यावर रोज तासभर बसून मी फोन लावायला सुरुवात केली. पुरुषांची नावं भराभर मार्गी लागली. काही गेले होते, काहींनी जमिनीच्या दलालीत जम बसवला होता, एकाने बोईसरला हॉटेल काढलं होतं. मग मी फक्त बायकांची नावं वेगळी काढली, आणि एकेक फोन करता करता मला कळेना की हे काय चाललंय.

एक शाळेत शिकवत होती. एक वापीला विमा कंपनीत दावे तपासत होती. एक पुण्याला होती, तिने मला विचारलं, "कोण वकील? मी?" आणि ती इतका वेळ हसली की मलाच अवघडल्यासारखं झालं. चिंचणीच्या एका घरी सासूबाईंनी फोन घेतला. मी म्हटलं, "तुमच्या सूनबाईंच्या सनदेबद्दल विचारायचं होतं."

"कसली सनद?"

"वकिलीची."

"चुकून लागला तुमचा फोन. आमची सून वकील नाय."

मी नाव पुन्हा सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. मग त्यांनी आत हाक मारलेली मला ऐकू आली, "अगो, तू वकील हायस?"

त्या घरात ती मुलगी सहा-सात वर्षं नांदत होती. ती फोनवर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, 'सोडली' असं लिहा ना." बस, एवढंच.

आठवडा संपेपर्यंत माझ्यासमोर जी यादी उभी राहिली ती बघून मला खरोखर धक्का बसला. सुरुवातीच्या पानांवर सत्तरीकडे झुकलेले वकील होते. शेवटच्या पानांवर नुकत्याच सनद घेतलेल्या मुली होत्या, त्याच त्या स्कूटीवरच्या. मधल्या पानांवरच्या बायका, ज्या आज चाळिशीत असायला हव्या होत्या, ज्यांच्या हाताखाली या नव्या मुली शिकायला हव्या होत्या, त्या जवळजवळ कुठेच नव्हत्या. मी वर्षानुवर्षं टाळ्या घेत होते त्या फक्त आत येणाऱ्या मुलींच्या जोरावर. बाहेर पडणाऱ्या मी कधी मोजल्याच नव्हत्या.

त्या मधल्या पानांवर माझ्या एका ज्युनियरचं नाव होतं.

ती जव्हारकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. आईवडील पावसावर नाचणी-वरी करायचे आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे. ती आश्रमशाळेत शिकली, पालघरला राहून कायदा केला, आणि एक दिवस माझ्या ऑफिसच्या दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, मला तुमच्याकडे शिकायचंय." तीन वर्षं ती माझ्याकडे होती. मला सगळ्यांत जास्त अभिमान होता तो तिचा. ती हुशार होती, पण नुसती पुस्तकी हुशारी नव्हती. एकदा जमिनीच्या दाव्यात आमची साक्षीदार म्हणून एक म्हातारी उभी होती. समोरच्या वकिलांनी तिला विचारलं, "ही जमीन तुमच्या ताब्यात आहे का?" म्हातारी म्हणाली, "नाय." मी डोक्याला हात लावला. आमचा सगळा दावाच त्या ताब्यावर उभा होता. तेवढ्यात मागून ही माझ्या कानाशी आली, "मॅडम, तिला ताबा म्हणजे काय ते कळलं नाही. नाचणी कोण लावतं विचारा." माझी वेळ आल्यावर मी तेच विचारलं. म्हातारी जवळजवळ चिडून म्हणाली, "मीच लावतंय. घरवाला गेला तवापासून मीच. दुसरा कोन हाय?" दावा तिथेच फिरला.

अशी मुलगी. तिने लग्न झाल्यावर वकिली सोडली, असं मी धरून चालले होते. लग्नाला मी गेले होते, साडी नेली होती. त्यानंतर ती दिसली नाही, आणि मी मनात म्हटलं, गेली ही पण संसारात.

रजिस्टरातला तिचा नंबर बंद होता. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टला विचारलं तर तो म्हणाला, "त्या ना? बोईसरला कंपनीत आहेत. सरावलीला राहतात." फॉर्म दुसऱ्या कोणाबरोबर पाठवता आला असता. पण मला तिला बघायचं होतं. बोईसर माझं माहेरच. वडील साताऱ्याहून अणुवीज केंद्रात कामाला आले, माझं बालपण तिथल्या कॉलनीत गेलं. म्हणून एका रविवारी सकाळी मी आईकडे जाऊन जेवले आणि दुपारी रिक्षाने सरावलीला गेले.

दुसऱ्या मजल्यावर तिचं घर होतं. दार तिनेच उघडलं. मग म्हणाली, "या मॅडम, बसा ना." नवरा दुपारच्या पाळीला गेला होता. लहान मुलगी खाली चटईवर चित्रं रंगवत होती. माझ्या ज्युनियरचे केस थोडे पांढरे झाले होते, पण बोलणं तेच, सावकाश आणि नेमकं. तिने चहा ठेवला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी खुर्ची ओढून बसले आणि यादीचं सांगितलं.

"हो, माझी सनद मी थांबवली," ती म्हणाली. "पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की थांबवावी लागते. मी रीतसर अर्ज केला होता. तुमच्या रजिस्टरात कोणी लिहिलं नसेल."

"कसली नोकरी?"

"केमिकल कंपनी आहे, तिथे कायद्याची कामं बघते. कंत्राटी कामगारांचे कागद, अपघाताच्या नोटिसा, कोर्टाची उत्तरं."

मी म्हटलं, "लग्नानंतर इतक्या लांबून पालघरला येणं जमलं नसेल, ते मी समजू शकते."

तिने गॅस बारीक केला. "लग्न नंतर झालं, मॅडम. त्याच्या आठ महिने आधीच मी तुमच्याकडे येणं सोडलं होतं."

"आठ महिने?"

"तुम्हाला सांगितलं होतं, आई आजारी आहे, पाड्यावर जाते. आई आजारी नव्हती. मला वाटलं होतं, तुम्ही एखादा तरी फोन कराल. नाही आला, तेव्हा मी कंपनीत अर्ज केला."

मला ते आठ महिने आठवेनात. काही केल्या आठवेनात. ऑफिसात रोज माझ्यासमोर बसणारी मुलगी आठ महिने नाही, आणि माझ्या मनात त्याची साधी नोंदसुद्धा नाही. मी विचारलं, "पण का सोडलंस? माझ्याकडून काही झालं का?"

हे विचारताना माझी खात्री होती की ती नाही म्हणेल.

"तुमच्याकडे ते चिंचणीकडचे चिकूचे बागायतदार यायचे, आठवतात?" तिने विचारलं.

आठवत होते. मोठे अशील होते. त्यांचा दावा एका डोंगराकडच्या कुटुंबाशी चालला होता.

"पहिल्या दिवशी त्यांनी मला बघितलं, माझं आडनाव विचारलं आणि तुम्हाला म्हणाले, यांना जरा बाहेर बसू द्या. कागद त्यांच्या माणसांकडे जायला नकोत. तुम्ही मला म्हणालात, तू जरा बाहेर बस. मी बसले. पुढच्या वेळी परत बसले. तिसऱ्या वेळी ते आल्याबरोबर मी आपणहून उठले. दार नीट लागलं नव्हतं. ते तुम्हाला म्हणाले, ती मुलगी आपल्या केसमध्ये नाही ना? आणि तुम्ही म्हणालात," ती इथे थांबली, चहा गाळला आणि कप माझ्या हातात दिला, "तुम्ही म्हणालात, नाही हो, ती फक्त भाषेसाठी येते."

मी कप खाली ठेवला.

"मी असं म्हटलं?"

"हो."

"मला आठवत नाही गं."

"तुम्हाला कशाला आठवेल?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. पाऊस काल पडला होता का विचारल्यावर माणूस जसं सांगतो तसं ती सांगत होती.

"तू तेव्हाच मला का नाही बोललीस?" मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच ऐकू आला. उलटतपासणीत साक्षीदाराला कोंडीत पकडताना माझा जो आवाज असतो, तोच होता तो. ती म्हणाली, "तुम्ही माझ्याशी चांगल्या वागायचात. पुस्तकं द्यायचात. डबा अर्धा द्यायचात. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी भांडले असते."

मी माफी मागितली. शब्द काय होते ते आता सांगता येत नाही, कारण ते नीट जुळलेच नाहीत. तिने मान हलवली, "असू दे, मॅडम," म्हणाली, आणि मुलीच्या हातातला खडू काढून तिला दुसरा दिला.

विषय बदलावा म्हणून मी तिच्या कामाबद्दल विचारलं. ती मोकळी झाली. कारखान्यात झाडलोटीला, पॅकिंगला येणाऱ्या डोंगराकडच्या बायका तिच्याकडे येतात, आपल्या भाषेत बोलतात. हिंदीवाले कामगार तिला दीदी म्हणतात. मीटिंगला ती टेबलाशी बसते. "पगार महिन्याच्या महिन्याला होतो, आजारी पडले तर रजा मिळते. मुलगी झाली तेव्हा भरपगारी घरी होते," ती म्हणाली. "वकिलीत मला कोणी रजा दिली असती?" माझ्या मुलाच्या वेळी मी बाविसाव्या दिवशी कोर्टात उभी होते आणि ते मी अभिमानाने सांगत आले होते.

मग ती म्हणाली, "मॅडम, एक सांगते. तुमच्यासमोर येणारी काही उत्तरं मीच लिहिलेली असतात. खाली सही आमच्या मुंबईच्या वकिलांची असते."

मला एकदम लख्ख कळलं. त्याच्या आदल्या महिन्यात एका भरपाईच्या दाव्यात समोरून लेखी कैफियत आली होती. कंत्राटी कामगार टाकी साफ करताना गेला होता, त्याच्या बायकोकडून मी होते. ती कैफियत मी तीनदा वाचली होती. इतकं नेमकं लिहिलेलं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. माझ्या अर्जातली एक कच्ची जागा त्यात अशी पकडली होती की मला रात्रभर चैन पडलं नव्हतं. समोरच्या तरुण वकिलाला मात्र कोर्टाने दोन प्रश्न विचारले तर त्याची ततपप झाली होती. हे याने लिहिलं नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं.

"ती टाकीवाली केस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्या केसबद्दल मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीही विचारू नका."

मी विचारणारच होते, तिला ते कळलं होतं. पंचवीस वर्षं वकिली केलेली मी, आणि सनद थांबवून बसलेली ती. आणि वकिलाने कसं वागावं हे ती मला दाखवत होती. पाड्यावरून आलेली मुलगी गेलेल्या कामगाराच्या बायकोविरुद्ध लिहिते, याचा मला रागही आला होता. पण तो राग मी तिच्यावर काढू शकत नव्हते. डोंगराकडच्या त्या कुटुंबाविरुद्ध लिहिताना मीच तर तिला बाहेर बसवलं होतं.

तिने फॉर्म भरला, सही केली. निघताना जिन्यापर्यंत सोडायला आली. "आईला नमस्कार सांगा," म्हणाली. माझी आई जवळच राहते हे तिच्या लक्षात होतं.

पुढच्या महिन्यात बाररूमची बैठक झाली. मी नवी यादी वाचली आणि मधल्या पानांचं सांगितलं. एक ज्येष्ठ वकील लगेच म्हणाले, "साहजिकच आहे. लग्न झालं की मुली सोडतात." दोनतीन जणांनी माना डोलावल्या. मी उभीच होते. मी म्हटलं, "माझी ज्युनियर लग्नामुळे नाही गेली. माझ्यामुळे गेली." आणि बागायतदार, नीट न लागलेलं दार, ते वाक्य, सगळं सांगितलं. मला वाटलं, आता कोणीतरी मला सुनावेल, किंवा कोणीतरी दुसरं उठून आपलं सांगेल.

मग तेच ज्येष्ठ वकील म्हणाले, "मॅडम, असं सगळ्यांसमोर कबूल करायला मन मोठं लागतं." आणि त्यांनी टाळी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवली. त्यानंतर सेक्रेटरींनी पुढचा विषय घेतला, कॅन्टीनच्या चहाचा.

मी खाली बसले. तिच्या घरी बसला होता त्यापेक्षा हा धक्का वेगळा होता. मी चूक सांगायला उठले होते आणि सत्कार घेऊन बसले होते.

माझी आताची ज्युनियर मागच्या रांगेत बसली होती. बोईसरच्या कामगार वस्तीतली, घरी हिंदी बोलणारी, वडील कापडाच्या कारखान्यात. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "आजचा अर्ज तू चालव." तीन वर्षांत ती फक्त तारीख मागायला उभी राहिली होती. ती दचकली, पण उभी राहिली. पहिली दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत. कोर्टाने म्हटलं, "जरा मोठ्याने बोला." ती मोठ्याने बोलली, आणि एकदा आवाज सापडल्यावर थांबलीच नाही. अर्ज मंजूर झाला. बाहेर आल्यावर मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, निदान इथे तरी काही वाचलं.

संध्याकाळी ती फाइली कपाटात लावता लावता म्हणाली, "मॅडम, मला तारापूरच्या एका कंपनीत नोकरी लागलीय. एक तारखेपासून."

"अगं, आज इतकं छान झालं."

"हो, खूप छान वाटलं," ती म्हणाली. "पण ते मागच्या महिन्यातच ठरलं होतं. तुम्ही आधी..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

मी तिला थांब म्हटलं नाही. थांब म्हणायला माझ्याकडे काय होतं? अनुभवाचं पत्र लिहून दिलं, चांगलं लिहिलं, आणि सनद थांबवायचा अर्ज कसा करायचा तेही समजावून सांगितलं.

या फेब्रुवारीत आईला डॉक्टरकडे न्यायला मी सकाळी बोईसरला उतरले. स्टेशनबाहेर कंपनीच्या बसची वाट बघत बायकांचा एक घोळका उभा होता. त्यात ती होती, अर्ज चालवून नोकरीला गेलेली माझी ज्युनियर. काळा कोट नव्हता. पिवळा कुर्ता, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला डब्याची पिशवी. शेजारची बाई काहीतरी सांगत होती आणि ती पोट धरून हसत होती, तोंडावर हात न ठेवता, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. मी पलीकडच्या कडेला थांबले. तीन वर्षं ही मुलगी रोज माझ्यासमोर बसत होती आणि ती अशी हसते हे मला माहीतच नव्हतं. बस आली. ती चढली, खिडकीशी बसली, आणि बस तारापूरच्या रस्त्याला लागली.